मागं कोण हसतंय?

ताई,

नमस्कार. मी सांगलीत विश्रामबागला राहतो, वय ४२. प्रश्न वाचून हसाल, पण महिनाभर डोक्यातून जात नाही म्हणून लिहितोय.

लहानपणी आम्ही गावभागात राहायचो. 'श्रीमान श्रीमती' लागलं की घरात दुसरं काही चालायचं नाही. वडील, मी, धाकटा भाऊ, वरच्या मजल्यावरचं बिऱ्हाड, सगळे टीव्हीपुढे. वडील डोळे पुसेपर्यंत हसायचे. आई आतून हसायची. वडील जाऊन आता सहा वर्षं झाली. परवा सुट्टीत मला यूट्यूबवर ही मालिका सापडली आणि मोठ्या हौसेनं मुलीला घेऊन बसलो. ती आठवीत आहे. पाचव्या मिनिटाला तिनं विचारलं, "बाबा, हे मागं कोण हसतंय?" दहाव्या मिनिटाला म्हणाली, "तो शेजारच्या बाईकडं बघून लाळ घोटतोय, यात हसायचं काय आहे?" मग "क्रिंज आहे" म्हणून उठून गेली. मी हट्टानं एकट्यानं आठ भाग लागोपाठ पाहिले. ताई, मला हसू आलं नाही. आलं असेल एखाददुसऱ्या वेळी, पण ते तसलं नव्हे.

बायको म्हणते, तुम्ही म्हातारे झालात. मला वाटतं, एक तर माझ्यातला विनोद आटला, नाहीतर तेव्हा आम्ही सगळेच बिनडोक होतो. 'देख भाई देख' आणि 'हम पाँच' पुढच्या यादीत होत्या, पण आता हात धजत नाही. पुन्हा बघाव्यात, की आठवणीत आहेत तशाच राहू द्याव्यात?

एक वाचक, सांगली

*

भाऊ,

प्रश्न वाचून हसले नाही. "आठ भाग लागोपाठ" वाचून मात्र हसले. आमच्या साताऱ्याचा कंदी पेढा किती चांगला आहे हे एक पेढा खाऊन कळतं. पाव किलो एका बैठकीला संपवलात तर पेढ्याबद्दल नव्हे, पोटाबद्दल काहीतरी कळेल.

या मालिका आठवड्याला एक भाग या हिशेबानं लिहिलेल्या होत्या. 'ये जो है ज़िंदगी'मध्ये टिकू तलसानियाचं "ये क्या हो रहा है?" किंवा 'हम पाँच'मधल्या पूजा आंटीचं "आंटी मत कहो ना" हे पाहुण्यासारखं होतं. सात दिवसांनी दारात यायचं, आपण वाटच बघत असायचो, आणि आलं की घर हसायचं. तोच पाहुणा एका संध्याकाळी आठ वेळा बेल वाजवायला लागला तर तुम्ही दिवे मालवून बसाल. लिहिणाऱ्यानं कल्पनाही केली नव्हती की तीस वर्षांनी विश्रामबागचा एक गृहस्थ आठ आठवड्यांचं हसू एका रात्रीत ओढून काढायला बसेल.

दुसरी गोष्ट, तुम्ही पत्रात लिहिलेली नाही पण मी पैजेवर सांगते. मुलगी टीव्हीकडं बघत होती आणि तुम्ही मुलीकडं. "आता बघ हं, आता येतंय" असं किमान तीनदा म्हणाला असाल. पर्यवेक्षक समोर उभा असताना कुणाला हसू येतं का हो? तुम्ही तिला मालिका दाखवत नव्हता, तुमचं लहानपण तपासायला दिलं होतं, आणि ती गुणपत्रिका लिहीत होती. नापास झालात तर त्यात तिची काय चूक?

आता तिच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर देते, कारण प्रश्न फार चांगला आहे. मागं कोण हसतंय? मागं एक पेटी हसतेय. अमेरिकेत टीव्हीवरच्या विनोदी मालिका सुरू झाल्या तेव्हा त्या बऱ्याचशा नाटकासारख्याच होत्या. १९५१ मध्ये आलेली 'आय लव्ह ल्यूसी' स्टुडिओत खऱ्या प्रेक्षकांसमोर, तीन कॅमेरे एकदम चालवून चित्रित व्हायची, आणि ऐकू येणारं हसू तिथं बसलेल्या माणसांचं असायचं. पण प्रत्येक मालिकेला प्रेक्षक बसवणं परवडत नव्हतं, आणि बसवलेला प्रेक्षक हवा तिथं हसेलच असंही नव्हतं. मग चार्ल्स डग्लस नावाच्या ध्वनितंत्रज्ञानं त्याच दशकात एक यंत्र बनवलं. त्यात टेपवर वेगवेगळी हसू साठवलेली. एक बटण दाबलं की खुदकन, दुसरं दाबलं की खो खो. हे यंत्र तो कुलूप लावून ठेवायचा, आत काय आहे ते सहसा कुणाला दाखवत नसे.

आणि तुमच्या लेकीची तक्रारही नवी नाही. 'मॅश' नावाची मालिका १९७२ मध्ये सुरू झाली. कोरियाच्या युद्धातलं लष्करी इस्पितळ, त्यातले डॉक्टर, आणि तरीही विनोदी. करणाऱ्यांना मागचं हसू नकोच होतं, वाहिनीला हवं होतं. तडजोड अशी झाली की शस्त्रक्रियेच्या प्रसंगात कुणी हसायचं नाही, बाकी ठिकाणी हसायचं. ब्रिटनमध्ये बीबीसीनं तीच मालिका ते हसू काढून दाखवली. म्हणजे एकच विनोद एका देशात खदखदून आणि दुसऱ्या देशात गुपचूप पाहिला गेला, आणि दोन्हीकडं चालला.

आपल्याकडच्या नव्वदच्या दशकातल्या मालिकांनी ही पेटी उचलली. तुमची मुलगी ज्या काळात वाढतेय त्यात ती जवळपास गेलीच. आताची विनोदी मालिका बघा, पात्र काहीतरी मूर्खपणा करतं, दुसरं पात्र नुसतं कॅमेऱ्याकडं बघतं, आणि शांतता. हसायचं की नाही ते तुम्ही ठरवा. त्या सवयीच्या पोरीला एकदम मागून शंभर माणसं हसताना ऐकू आली तर ती दचकणारच. भिंतीपलीकडं शेजारी मोठ्यानं हसताहेत आणि कारण आपल्याला माहीत नाही, तसं वाटतं ते.

तुम्हाला लहानपणी ते हसू खटकलं नाही, कारण तुम्हाला ते ऐकूच येत नव्हतं. तुमचे वडील त्यापेक्षा मोठ्यानं हसत होते. रॉबर्ट प्रोव्हाइन या अमेरिकी शास्त्रज्ञानं माणसं कधी आणि का हसतात याचा बरीच वर्षं अभ्यास केला. त्याला आढळलं की एकटं असताना जेवढं हसतो त्याच्या सुमारे ३० पट आपण चार माणसांत हसतो. गावभागातल्या त्या खोलीत तुम्ही सहा-सात जण होता. विश्रामबागच्या सोफ्यावर एक.

इथं थांबले असते तर तुमचं समाधान झालं असतं. वडील होते, माणसं होती, मालिका निमित्त होती, आता ती माणसं नाहीत म्हणून हसू नाही. ऐकायला गोड आहे, निम्मं खरंही आहे. पण मुलीच्या दुसऱ्या प्रश्नाला ते उत्तर नाही, आणि तुम्हाला महिनाभर झोंबतोय तो दुसरा प्रश्नच.

काही विनोद नासतात. सरळ मान्य करून टाकावं. १९९३ ची 'ज़बान संभालके' मला कॉलेजात असताना फार आवडायची. 'माइंड युअर लँग्वेज' या १९७७ च्या ब्रिटिश मालिकेवरून केलेली. भाषेचा वर्ग, वेगवेगळ्या प्रांतांतले विद्यार्थी आणि जो तो आपल्या सुरात हिंदी मोडतोय. पंकज कपूर शिक्षक. पुढं माझ्या पहिल्या नोकरीत शेजारच्या टेबलावर एक तमिळ बाई होत्या. ओळख वाढल्यावर मी त्यांना मोठ्या उत्साहानं त्या मालिकेतल्यासारखी दाक्षिणात्य हिंदी बोलून दाखवली. त्या हसल्या. चांगल्या हसल्या. मग चहाचा घोट घेऊन म्हणाल्या, "तुझं इंग्रजी मी घरी रोज करून दाखवते. माझी मुलं लोळतात." त्या दिवसानंतर ती मालिका मला पहिल्यासारखी बघता आली नाही. पंकज कपूरचं त्रासलेलं तोंड अजून आवडतं, तो शाबूत आहे. उघडं पडलं ते माझंच हसणं.

ती 'स्मॉल वंडर' आठवते? यंत्राची मुलगी विकी. तुमच्या पिढीनं ती हिंदीत पाठ केलेली. आता मोठं होऊन गोष्ट नुसती सांगून बघा. दहा वर्षांची दिसणारी एक मुलगी. घरातली कामं करते. सांगितलं तेवढंच बोलते. काम झालं की तिला कपाटात ठेवतात. अमेरिकेत १९८५ ते १९८९ अशी ही मालिका चालली आणि जगभर लेकरं हसली, मीही हसले. यावर मला जास्त काही म्हणायचं नाही.

पण 'श्रीमान श्रीमती'ला मी त्या पंगतीत एकदम बसवणार नाही. केशव कुलकर्णीला शेजारची नटी प्रेमा शालिनी आवडते, प्रेमाचा नवरा दिलरुबा याला केशवची बायको कोकी आवडते. गाभा एवढाच. तुमच्या मुलीनं तो दहा मिनिटांत बरोबर ओळखला आणि तिला तो आवडला नाही, तिचा हक्क आहे. मात्र ती उठून गेली म्हणून तिला एक गोष्ट दिसायची राहिली. केशव जिंकत नाही. लाळ घोटतो, बेत आखतो, आणि तोंडावर पडतो. केशव झालेल्या जतिन कनाकियानं ते पडणं इतक्या जीव तोडून केलंय की हसू बायकांवर न येता त्या लाचार पुरुषावर येतं. आणि रीमा लागूंची कोकी ही चहा आणून देणारी बाहुली नव्हे. तिचं नवऱ्याकडं नुसतं बघणं एकदा बघा. अर्थात हे लेकीला पटवून द्यायला जाऊ नका. विनोद समजावून सांगणारा बाप हा शाळेतल्या संस्कार वर्गापेक्षा वाईट.

"जमाना बदलला" हे उत्तरही पुरत नाही, बरं का. हाच गाभा, दोन शेजारी जोडपी आणि एकमेकांच्या बायकांवर डोळा, घेऊन २०१५ मध्ये 'भाभीजी घर पर हैं' आली आणि वर्षानुवर्षं घरोघरी चालली. तुमच्या वॉर्डातही पुष्कळ घरांत लागत असेल. म्हणजे आजही लोक हसताहेत. तुमची मुलगी हसत नाही. एकाच संध्याकाळी, एकाच गल्लीत दोन्ही चालू आहे.

उलटंही असतं. काही विनोद लहानपणी आपल्या डोक्यावरून जातात आणि वीस वर्षांनी, नको त्या वेळी, येऊन आदळतात. 'श्रीयुत गंगाधर टिपरे' २००१ मध्ये अल्फा मराठीवर आलं तेव्हा तुम्ही अठराचे असाल. तेव्हा तुम्ही शिऱ्यावर हसला असणार. त्याचं वय तुमचं वय, त्याच्या भानगडी तुमच्या भानगडी. मधला तो शेखर, शिऱ्याचा बाप, तुमच्या लक्षातही नसेल. वर वडील आबा, खाली पोरं, शेजारी बायको शामल, आणि हा बिचारा दोन्हीकडून ऐकून घेणारा. आता ४२ व्या वर्षी एक भाग लावा. एकच. शेखर झालेले राजन भिसे नुसते सोफ्यावर टेकले तरी तुम्हाला काय होतं ते बघा. मला माझ्या वेळी असं झालं की मी हसता हसता उठले आणि उगाच गॅस बंद आहे का बघून आले.

आबांचं काम करणारे दिलीप प्रभावळकर तेव्हा साठीचेही नव्हते. त्याआधी वीसेक वर्षं हेच प्रभावळकर मुंबई दूरदर्शनवर चिमणराव झाले होते, चिं. वि. जोशींच्या कथांमधले, सोबत बाळ कर्वे गुंड्याभाऊ. माझे वडील चिमणरावाचं नाव काढलं तरी हसायचे. मला तो फार उशिरा कळला. चिमणराव हा शूर दिसायची धडपड करणारा भित्रा माणूस आहे, आणि आपण भित्रे आहोत हे कळायला माणसाला चाळिशी गाठावी लागते. 'वागले की दुनिया'चंही तेच. १९८८ मध्ये आर. के. लक्ष्मण यांच्या कल्पनेतून आलेली ती मालिका मला शाळेत असताना कंटाळवाणी वाटायची. एक कारकून माणूस, त्याला कुणी काही विचारत नाही, यात काय बघायचं? आता प्रत्येक महिन्याच्या पंचवीस तारखेला मला वागले झालेले अंजन श्रीवास्तव आठवतात.

म्हणून "पुन्हा बघावं का" याला माझं उत्तर सरसकट हो किंवा नाही असं नाही. ज्या मालिकेत एखाद्या माणसाचा स्वभावच त्याच्या आडवा येतो, ती बेधडक लावा. ज्यात कुणाचा रंग, बोली किंवा जाडी हाच विनोद होता, ती राहू द्या, आणि राहू दिल्याचं वाईटही वाटून घेऊ नका. 'देख भाई देख' निर्धास्त बघा, तिच्यात कटूपणा नव्हता, भरल्या घराचा गोंगाट होता. 'हम पाँच'मध्ये अशोक सराफ आहेत. पाच पोरी, घरातली बायको, आणि भिंतीवरच्या फोटोतून बोलणारी आधीची बायको प्रिया तेंडुलकर, यांच्यामध्ये अशोक सराफ नुसता श्वास सोडतात त्याला तोड नाही. त्या पाच पोरींतली काजलभाई तुमच्या लेकीला आवडेल असा माझा अंदाज आहे. पण "आता बघ हं" म्हणायचं नाही.

आता मुद्द्याचं. तुमच्या पत्रात तीन शब्द आहेत, तुम्ही ते सहज लिहून पुढं गेलात, मी तिथं अडकले. "आई आतून हसायची."

आतून का?

कारण ती आत होती. आमच्याकडंही तेच. मंगळवार पेठेत आमची दोन खोल्यांची जागा, बाहेरच्या खोलीत टीव्ही, आतल्या खोलीत ओटा. मालिका लागायची आणि आत भाकरी थापायची वेळ एकच. मधल्या दारातून आईला टीव्हीची कड दिसायची, फार तर पडद्याच्या काचेवर हलणारा उजेड. बाकी सगळं कानावर. परातीत भाकरी थापल्याचा पट पट आवाज, तव्यावर चुर्र, त्यात कुकरची शिट्टी झाली की निम्मं वाक्य गेलं. आम्ही सगळे बाहेर फुटलो की ती आतून विचारायची, "काय म्हणाला गं?" मी म्हणायचे, "थांब, जाहिरात लागली की सांगते." जाहिरात लागायची, मी सांगायला जायचे, आणि तोवर विनोद माझ्या तोंडात मरून गेलेला असायचा. विनोद सांगणं मला कधीच जमलं नाही. तरी आई हसायची. पीठ लागलेल्या मनगटानं कपाळावरचे केस मागं सारून हसायची. माझी बरीच वर्षं समजूत होती की आईला ही मालिका फार आवडते.

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये दूरदर्शननं जुन्या मालिका पुन्हा दाखवल्या, त्यात 'श्रीमान श्रीमती'ही होती. आई तेव्हा माझ्याकडंच होती. पहिल्या दिवशी तिला टीव्हीसमोरच्या खुर्चीत बसवलं. केशव पडद्यावर आला तशी ती पुढं वाकली आणि म्हणाली, "आगं, हा असा दिसतोय व्हय!"

पंचवीस वर्षं. आवाज ओळखत होती, नाव माहीत होतं, तो माणूस कधीच वारलाय हेही तिला ठाऊक होतं. फक्त त्याचा चेहरा तिनं धड पाहिला नव्हता. तिनं मनात वेगळाच कुणीतरी धरला होता.

मग मी मालिका सोडून तिच्याकडं बघत बसले. (हो, तुम्हाला दटावलं तेच मी केलं.) आणि माझ्या लक्षात आलं की ती भलत्याच ठिकाणी हसतेय. पेटी जिथं गडगडून हसायची तिथं ही गप्प. पेटी गप्प झाली, कोकी काही न बोलता वळून आत गेली, की ही खुदकन. दोनदा तीनदा झालं तेव्हा मी विचारलं, "यात काय हसलीस?" तर म्हणाली, "तुला न्हाई कळायचं." थोड्या वेळानं दिलरुबा आला. बायको कमावती, हा घर सांभाळणारा. आम्ही तेव्हा त्याला बायल्या म्हणून हसायचो, अख्खी पेठ हसायची. आई त्याच्याकडं बराच वेळ बघून म्हणाली, "ह्यो बरा होता की. तुम्ही याला हसत होता व्हय?"

ही मालिका लिहिणारे अशोक पाटोळे आपल्या मराठीतलेच नाटककार. 'आई रिटायर होतेय' हे नाटक त्यांचंच. भक्ती बर्वे त्यात आई होत्या. जन्मभर घर ओढलेली बाई एके दिवशी निवृत्ती जाहीर करते. ज्या हातानं ते लिहिलं त्याच हातानं कोकी लिहिली. नाटकाच्या बाबतीत सांगलीकराला सातारकरानं शिकवू नये, विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये 'सीता स्वयंवर' तुमच्याच गावात उभं केलं, तेव्हा मान तुमचा. पण एवढं बघा. ही मालिका नाटकासारखीच आहे, एक दिवाणखाना आणि आत-बाहेर जायची दारं. आपण सगळे बाहेरच्या खोलीत बसून बाहेरच्या खोलीतला विनोद बघत होतो. कोकी दारातून आत जायची, तिथं आपलं बघणं संपायचं. आमची आई त्या दाराच्या आतच होती.

तेव्हा "आम्ही सगळेच बिनडोक होतो का" यातला "सगळे" हा शब्द तपासून घ्या. तुमची लेक आज जे विचारतेय ते तुमच्या घरात तीस वर्षांपूर्वी कुणी विचारलं नव्हतं असं तुम्ही कशावरून धरलंत? विचारायला बाहेर यावं लागतं, आणि तव्यावर भाकरी असताना येता येत नाही. कदाचित तुमच्या आईला सगळंच आवडत असेल. कदाचित वडील हसताहेत, माणूस दिवसभराचा थकून आलाय आणि पोटभर हसतोय, एवढ्यावरच ती हसत असेल. मला माहीत नाही आणि तुम्हालाही माहीत नाही, कारण तुम्ही विचारलेलं नाही. त्या हसऱ्या खोलीतल्या माणसांपैकी ती एक अजून आहे ना? पत्रात "वडील गेले" असं आहे, आईबद्दल तसं काही नाही, त्यावरून म्हणते.

तर असं करा. रविवारी मुलीला घेऊन आईकडं बसा. 'श्रीमान श्रीमती'चा एकच भाग लावा, तुम्ही निवडू नका, लागेल तो. आईला टीव्हीच्या बरोब्बर समोर बसवा आणि मुलीला तिच्या शेजारी. भडंग नेणार असाल तर शेंगदाणे वेचून वेगळे ठेवा, आईचे दात कसे आहेत ते तुम्हाला माहीत. दोघींना काही सांगू नका, समजावू नका, चेहरे बघू नका. भाग सुरू झाला की तुम्ही उठायचं आणि आत जाऊन चहा ठेवायचा. लगेच बाहेर यायचं नाही. आलं किसा, दूध उतू जाणार नाही ते बघा, कपबशा विसळून घ्या. बाहेरचं जेवढं कानावर येईल तेवढंच. हसू आलं तर कुणाचं आलं ते आवाजावरून ओळखा, आणि वाक्य चुकलं तर आतूनच विचारा, "काय म्हणाला गं?"

त्या काय उत्तर देतात ते मला कळवा. आणि चहात आईला साखर किती लागते ते आधी मुलीला विचारून घ्या, तिला माहीत असेल.